पाचनंतर एकदम सात : पीएचपीच्या न आलेल्या आवृत्तीची गोष्ट

तर मंडळी, झालं असं. मागच्या आठवड्यात एका जुन्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये गावांची यादी मराठीतून दाखवायची होती. काम अर्ध्या तासाचं. कॉलम अरुंद होता, म्हणून नाव वीस अक्षरांपेक्षा मोठं असेल तर तिथे कापायचं, बस्स. कोड पीएचपीत होता आणि कापणारी ओळ मीच लिहिली.

मुंबई आली, पुणे आलं, नाशिक, सातारा, सांगली शहाण्यासारखी ओळीत उभी राहिली. सोलापूरच्या जागी मात्र ‘सोलापू’ आणि त्यापुढे काळ्या शंकरपाळ्यात बसलेलं ते प्रश्नचिन्ह. रत्नागिरीचं झालं ‘रत्नाग’ आणि शंकरपाळं. आणि कोल्हापूरच्या जागी चक्क ‘कोल्हा’! टीममधला कोल्हापूरचा एक जण दिवसभर माझ्याशी बोलला नाही :)

यातल्या एकाही नावात वीस अक्षरं नाहीत, मग कापलं कसं? हे शोधताना टीममधला एक नवा मुलगा शेजारी बसला होता. पीएचपीच्या आवृत्त्यांची यादी बघून त्याने सहज विचारलं, "अरे, पाचनंतर एकदम सात? सहा कुठे गेलं?"

त्याला वाटलं तो विषयांतर करतोय. खरं तर कोल्हापूरचा कोल्हा का झाला आणि पीएचपी सहा कुठे गेलं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. त्या दिवशी चहाच्या टपरीवर जे अर्धवट सांगितलं, ते आज शनिवारी नीट लिहून काढतोय.

* * *

सुरुवात रासमुस लेरडॉर्फपासून. जन्म १९६८ चा, ग्रीनलंडमधला. शिक्षण कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात. १९९४ च्या सुमारास त्याने आपला बायोडेटा वेबवर ठेवला आणि तो कोण कोण बघून जातं हे कळावं म्हणून सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. नाव ठेवलं ‘पर्सनल होम पेज टूल्स’. जून १९९५ मध्ये त्याने ते कोडसकट सगळ्यांसाठी खुले केले. नवी भाषा काढावी असा त्याचा काही बेत नव्हता. एचटीएमएलच्या मधोमध दोन ओळी टाकता याव्यात, फॉर्ममध्ये भरलेली माहिती मिळावी, डेटाबेसशी बोलता यावं, एवढ्यासाठी ती अवजारं होती.

भाषा म्हणून आराखडा आधी नव्हता, याच्या खुणा अजून दिसतात. सुरुवातीच्या दिवसांत फंक्शन शोधायचा तक्ता नावाच्या लांबीवर चालायचा. सगळ्या नावांची लांबी सारखी झाली तर शोध मंदावणार, म्हणून काही नावं मुद्दाम लांब-आखूड ठेवली गेली. हे खुद्द लेरडॉर्फने २०१३ मध्ये सांगितलं. पीएचपीच्या फंक्शनांची नावं इतकी विचित्र का, यावर वर्षानुवर्षं डोकं खाजवणाऱ्या आम्हा लोकांना त्या दिवशी हसावं की रडावं ते कळेना.

आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाची खूण दुसरी आहे. सी भाषेत स्ट्रिंग म्हणजे बाइटांची रांग. तेच पीएचपीत आलं. एक बाइट म्हणजे एक अक्षर, असं तेव्हा कोणी ठरवलंही नाही. इंग्रजीत ते तसंच असतं, त्यामुळे प्रश्नच पडला नाही.

१९९७ मध्ये हैफाच्या टेक्नियॉनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी, अँडी गुटमन्स आणि झेएव सुरास्की यांनी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पीएचपी वापरायला घेतलं. ते अपुरं पडलं, म्हणून त्यांनी त्याचा गाभा नव्याने लिहिला. लेरडॉर्फशी हातमिळवणी होऊन जून १९९८ मध्ये पीएचपी ३ आलं. मग दोघांच्या नावांतली अक्षरं जुळवून ‘झेंड’ इंजिन झालं आणि मे २००० मध्ये त्यावर चालणारं पीएचपी ४.

आता गंमत बघा. या दोघांची लिपी हिब्रू, म्हणजे इंग्रजीच्या बाहेरची. मग बाइटचा प्रश्न त्यांना का नाही पडला? कारण हिब्रूसाठी जुनी आठ-बिटी कोष्टकं होती, त्यांत एका अक्षराला एकच बाइट पुरायचा. अडचण फक्त उजवीकडून डावीकडे लिहिण्याची. त्यासाठी ‘हिब्रेव’ नावाचं एक फंक्शन आलं, ते आजही पीएचपीत आहे. दोन ठिपक्यांच्या जोडीची चूक केली की ‘पामायिम नेकुदोतायिम’ असा मंत्रासारखा एरर यायचा. तो हिब्रू शब्द आहे, अर्थ साधारण ‘दोनदा विसर्गचिन्ह’. तोही रोमन अक्षरांत. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं मशिनमध्ये व्हायरस शिरला.

जपान्यांचं मात्र एका बाइटमध्ये भागणं शक्यच नव्हतं. हजारो कांजी २५६ घरांत कशा बसवणार? म्हणून जपानी प्रोग्रामरांनी स्वतःच वेगळं एक्स्टेन्शन लिहिलं. एमबी-स्ट्रिंग, म्हणजे बहु-बाइट स्ट्रिंग. २००१ मध्ये, ४.०.६ पासून, ते पीएचपीबरोबर यायला लागलं. साधी फंक्शनं बाइट मोजणार, ‘एमबी’ लावलेली अक्षरं मोजणार. मूळ भाषा तशीच राहिली, शेजारी एक दुसरी खिडकी उघडली.

आणि आपण? आपल्याकडे तेव्हा शिवाजी, श्रीलिपी असल्या फॉन्टांचं राज्य होतं. इंग्रजी अक्षराच्या जागी फॉन्टमध्ये ‘क’चं चित्र बसवलेलं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने सगळं इंग्रजीच, त्यामुळे पीएचपीला काही त्रास नव्हता. त्रास वाचणाऱ्याला. फॉन्ट नसेल तर पानभर रोमन गचाळा दिसायचा, आणि शोधायला गेलं की काही सापडायचं नाही. म्हणजे प्रश्न मिटला नव्हता, फक्त फॉन्टच्या आड झाकला होता.

* * *

मग युनिकोड आलं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून होती, पण आपल्या स्क्रीनवर ती नीट दिसू लागली ती २००० नंतर. वेबवर युनिकोड साठवायची चालती पद्धत म्हणजे यूटीएफ-८, जी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली. तिचा नियम सोपा: इंग्रजी अक्षराला एक बाइट, ग्रीक, रशियन, हिब्रू, अरबी यांना दोन, देवनागरीला तीन.

आता कोल्हापूर मोजू. क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ ऊकार, र. युनिकोडची चिन्हं झाली ९. प्रत्येकी तीन म्हणजे २७ बाइट. आणि शाळेत बाईंनी शिकवल्याप्रमाणे मोजलं तर को-ल्हा-पू-र, अक्षरं ४. एकाच शब्दाची लांबी तीन प्रकारे: २७, ९ आणि ४.

माझ्या कोडने कापलं वीस बाइटांवर. पहिल्या अठरा बाइटांत सहा चिन्हं पूर्ण बसली, ती म्हणजे ‘कोल्हा’. उरलेले दोन बाइट ‘प’चे, तिसरा कापला गेला. अर्धवट ‘प’ कोणालाच वाचता येईना, म्हणून ब्राउझरने तिथे शंकरपाळं ठेवलं. सातारा, सांगली अठरा बाइटांत मावली म्हणून वाचली. सोलापूर २१ चं, एका बाइटने गेलं!

* * *

हा प्रश्न पीएचपी बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. जुलै २००४ मध्ये पीएचपी ५ आलं, ऑब्जेक्टची व्यवस्था सुधारली, आणि पुढचं मोठं काम युनिकोडचं असं ठरलं. २००५ पासून आंद्रेई झ्मिएव्स्की याच्या पुढाकाराने पीएचपी ६ ची उभारणी सुरू झाली. स्वप्न मोठं होतं. भाषेच्या पोटातच युनिकोड असेल, साधी लांबी मोजली की अक्षरंच मोजली जातील, ‘एमबी’ वगैरे लक्षात ठेवायची गरज नाही. जपानी, अरबी, मराठी सगळ्यांना इंग्रजीच्याच पंगतीत पान.

त्यांनी पोटातली पद्धत निवडली यूटीएफ-१६. त्या काळात हे वेडगळ नव्हतं. जावा आणि विंडोज तेच करत होते, आणि युनिकोडसाठीची प्रसिद्ध आयसीयू लायब्ररी, जिच्यावर पीएचपी ६ उभं राहणार होतं, तीही यूटीएफ-१६ वरच चालते. मराठीच्या दृष्टीने तर हा सौदा चांगलाच. कोल्हापूर २७ ऐवजी १८ बाइटांत.

पण वेबपानात मराठी मजकूर असला तरी भोवतालचे एचटीएमएलचे टॅग, पत्ते, डेटाबेसच्या आज्ञा सगळं इंग्रजी. ते एका बाइटवरून दोनवर गेलं, म्हणजे थेट दुप्पट मेमरी. शिवाय ब्राउझरकडून येतं यूटीएफ-८ आणि डेटाबेसमध्येही बहुधा तेच. म्हणजे आत येताना बदला, कामाला घ्या, बाहेर जाताना परत बदला. पुण्यातून ठाण्याला जाताना प्रत्येक वेळी लोणावळ्याला उतरून बस बदलण्यातला प्रकार.

दुसरी अडचण जास्त खोल. पीएचपीत स्ट्रिंगमध्ये लोक फक्त मजकूर ठेवत नव्हते. फोटोची फाइल, झिप, नेटवर्कवरून आलेला कच्चा माल, सगळं स्ट्रिंगमध्येच. मग दोन प्रकार हवेत, मजकुराची स्ट्रिंग वेगळी आणि बाइटांची वेगळी. मग हजारो फंक्शनांपैकी प्रत्येकाने ठरवायचं की आपण कुठली घेणार, दोन्ही मिसळल्या तर काय करणार. वर युनिकोड चालू-बंद करायचं एक सेटिंगही होतं, म्हणजे प्रत्येक कोड दोन्ही परिस्थितींत चालला पाहिजे.

हे काम करणारी माणसं मूठभर, बहुतेक फावल्या वेळात. युनिकोड नीट समजणारी त्याहून कमी. आणि ज्यांनी मदत करायची त्यातल्या अनेकांना स्वतःच्या रोजच्या कामात त्याची गरजच नव्हती. त्यांची नावं एका बाइटच्या अक्षरांत आरामात मावत होती. मी इथे कोणाला दोष देत नाहीये. जे दुखत नाही त्यावरचं औषध कुटायला कोण बसतं?

दरम्यान जग थांबलं नव्हतं. २००३ मध्ये सुरू झालेलं वर्डप्रेस पसरत होतं, २००४ चं फेसबुक पीएचपीवर उभं होतं, विकिपीडिया पीएचपीवर होता. लोकांना नव्या सोयी हव्या होत्या आणि त्या सहाच्या रांगेत अडकल्या होत्या. शेवटी नेमस्पेससारख्या काही गोष्टी सहामधून काढून जून २००९ मध्ये ५.३ म्हणून देऊन टाकल्या. त्यानंतर सहाकडे उरलं फक्त युनिकोड, म्हणजे नेमकं जे कोणी करत नव्हतं तेच.

मार्च २०१० मध्ये निर्णय झाला. सहाचं सगळं काम एका बाजूच्या फांदीवर सरकवलं आणि मुख्य खोड परत पाचचं झालं. प्रकल्प संपला. पुढे झ्मिएव्स्कीने स्वतःच एका भाषणात हे कशामुळे फसलं ते उघडपणे मांडलं. असा प्रामाणिकपणा आपल्या धंद्यात दुर्मिळ आहे. आमच्याकडे प्रोजेक्ट बुडाला की आधी त्याचा मेल ग्रुप बंद होतो.

पण तोवर बाजारात ‘पीएचपी ६’ नावाची पुस्तकं येऊन विकली गेली होती! न झालेल्या बाळाचं बारसं जेवून लोक घरी गेलेले. म्हणून २०१४ मध्ये पुढच्या मोठ्या आवृत्तीचं नाव काय ठेवायचं यावर रीतसर मतदान झालं. सातच्या बाजूने ५८, सहाच्या बाजूने २४. ३ डिसेंबर २०१५ ला पीएचपी ७ आलं. जुनाच कोड कितीतरी ठिकाणी जवळपास दुप्पट वेगाने पळायला लागला आणि लोक सहाचं दुःख विसरले.

सातमध्ये स्ट्रिंगची आतली रचना नव्याने लिहिली होती बरं का. पण ती होती बाइटांचीच. आठमध्येही (नोव्हेंबर २०२०) तेच. म्हणून माझा कोल्हा.

* * *

आता तुम्ही म्हणाल, पायथनने तर करून दाखवलं. खरंय. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं, मजकूर आणि बाइट वेगळे केले आणि जुना कोड मोडला. मोडला म्हणजे कसा, तर जुन्या पायथन २ ला पूर्ण निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडलं. अकरा वर्षं एका भाषेच्या दोन चुली. तरी पायथनवाल्यांनी ते सोसलं, आणि आज पायथनमध्ये कोल्हापूरची लांबी निदान ९ येते.

पीएचपीला हे का जमलं नसतं? मला वाटतं, त्याचं उत्तर ते कोण वापरतं त्यात आहे. गल्लीतल्या क्लासची वेबसाइट, लग्नाच्या हॉलचं बुकिंग, एखाद्या सोसायटीचं पान. स्वस्त होस्टिंगवर फाइल चढवली की चालू. ते ज्याने लिहिलं तो केव्हाच दुसऱ्या नोकरीत गेला. हा कोड मोडला तर दुरुस्त करणारं कोणी नाही. डब्ल्यू३टेक्सच्या मोजणीत, ज्या वेबसाइटींची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते, त्यातल्या सत्तर टक्क्यांहून जास्त २०२४ मध्येही पीएचपीवरच होत्या. इतकी मोठी वस्ती उठवून नवीन जागी बसवायची म्हणजे खेळ नाही. जुनं शक्यतो मोडायचं नाही, यातच पीएचपीचं यश आहे.

फक्त त्या यशाची किंमत सगळ्यांनी सारखी भरली नाही. इंग्रजी मजकुरासाठी साधं फंक्शन बरोबर चालतं. मराठीसाठी ‘एमबी’ लावायचं लक्षात ठेवावं लागतं. विसरलात तर एरर येत नाही, फक्त कोणाच्या तरी गावाचं नाव अर्धवट राहतं. शिवाय ते एक्स्टेन्शन सर्व्हरवर घातलेलं असेलच असंही नाही. मीडियाविकीने, म्हणजे ज्यावर २००३ पासून मराठी विकिपीडियाही चालतो त्याने, पीएचपीची वाट न बघता युनिकोडसाठीचा बराच कोड स्वतःच लिहिला. प्रत्येकाने आपापली छत्री आणायची, असा तो मामला.

बरं, ‘एमबी’ लावलं तरी आपलं पूर्ण भागत नाही. ते चिन्हं मोजतं, आपण अक्षरं मोजतो. कोल्हापूर ‘एमबी’ने सहावर कापा, पुन्हा ‘कोल्हा’च, फक्त शंकरपाळं नाही. म्हणजे चूक आता सुंदर दिसते! त्यासाठी तिसरी खिडकी आहे. ५.३ बरोबर आलेलं ‘इंटल’ एक्स्टेन्शन आणि त्यातली ‘ग्राफीम’ फंक्शनं, जी माणसाला दिसणारी अक्षरं मोजतात. सहाच्या कामामागची तीच आयसीयू यांच्याही मागे आहे. घर बांधायचं राहिलं, पण आणलेल्या विटांतून निदान ओटा झाला. ५.६ पासून (२०१४) यूटीएफ-८ हे पीएचपीचं ठरलेलं कोडिंग झालं. नोव्हेंबर २०२४ च्या ८.४ मध्ये शब्द दिसणाऱ्या अक्षरांत फोडणारं फंक्शनही आलं. एका दणक्यात जे जमलं नाही ते वीस वर्षांत थोडं थोडं होत आलंय.

त्यातही एक मेख आहेच. ‘ल्हा’ हे एक अक्षर की ‘ल्’ आणि ‘हा’ अशी दोन? युनिकोडच्या नियमात बरीच वर्षं ती दोन धरली जात. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत नियम बदलला आणि देवनागरीतलं जोडाक्षर एक धरायचं ठरलं. म्हणजे सर्व्हरवरची लायब्ररी किती जुनी, यावर कोल्हापूरची अक्षरं चार की पाच ते ठरणार. पहिलीतल्या पोराला जे येतं ते जागतिक मानकात लिहायला २०२३ साल लागलं.

असो.

माझी चूक दुरुस्त व्हायला दहा मिनिटं लागली. ‘ग्राफीम’वालं फंक्शन लावलं, कोल्हापूर परत आलं, मित्राशी बोलणं सुरू झालं. पण एक गोष्ट मला टोचत राहिली. पीएचपी ६ का फसलं हे मी वर तावातावाने सांगितलं, की ज्यांना गरज नव्हती त्यांनी लक्ष दिलं नाही. मला तर गरज होती. मराठी माझी भाषा, तरी बोटांना सवय बाइटवाल्या फंक्शनची. आणि कोड तपासायला आम्ही जी नावं वापरतो ती सगळी ‘टेस्ट वन’, ‘टेस्ट टू’, ‘एबीसी’. ती वीस बाइटांत कायमच मावतात.

त्या नव्या मुलाला सोमवारी पहिलं काम हेच दिलंय. तपासणीच्या यादीत सोलापूर, रत्नागिरी आणि कोल्हापूर घालायचं. त्याने स्वतःहून आणखी एक नाव घातलं, स्वतःच्या गावाचं. इचलकरंजी.

मोजून बघा, किती बाइट होतात ते.